हार्मोन की नैसर्गिक? आधी गर्भाशयाचं बघा

पाळी बंद होतानाच्या (मेनोपॉजच्या) त्रासावर औषध म्हणून हार्मोन घ्यायचं म्हटलं की 'हार्मोन म्हणजे कॅन्सर, त्यापेक्षा सोयाबीन बरं' असं बरेच जण म्हणतात, त्यात थोडी भर. ही भीती मुख्यतः २००२ च्या अमेरिकन अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध गोळीतून दिलं होतं. साठीच्या आत, किंवा पाळी बंद झाल्यापासून १० वर्षांच्या आत सुरू केल्यास फायद्या-तोट्याचा हिशोब बराच वेगळा असतो.

या उपचारातलं मुख्य हार्मोन म्हणजे इस्ट्रोजेन. गर्भाशय असेल तर गोळी, पॅच किंवा जेलमधून नुसतं इस्ट्रोजेन कधीच नको. अस्तर जाड होत जातं आणि तिथेच कॅन्सरचा धोका वाढतो. सोबत प्रोजेस्टेरॉन (अस्तर जाड होऊ न देणारं दुसरं हार्मोन) हवंच. रोज घेत असाल तर साधारण १०० मिग्रॅ, झोपताना, कारण त्याने गुंगी येते. रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता असेल तर गोळीपेक्षा पॅच किंवा जेल बरं, ते यकृतातून आधी जात नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र हा मार्ग सहसा बंद.

सोयाचा परिणाम सौम्य, तोही दोन-तीन महिन्यांनी. ब्लॅक कोहोश या वनस्पतीच्या औषधाने क्वचित यकृताला इजा होते. आणि 'नैसर्गिक' म्हणून सेंट जॉन्स वर्ट (हेही वनस्पतीचं औषध) घेताय? ते इतर बऱ्याच औषधांचा असर कमी करतं, स्तनाच्या कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेनचासुद्धा करू शकतं.

फक्त योनीचा कोरडेपणा असेल तर एवढा खटाटोपच नको: इस्ट्रोजेन क्रीम दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. दोन आठवड्यांत सोडून 'उपयोग नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच.

पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर आधी तपासणी, मग बाकीचं.