वेगवान लघुग्रह कायम ५ आर्कसेकंद पुढे का येतो?

दुर्बीण१५०
१५० मिमी न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), फोकल लेंथ ७५० मिमी, कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉन, म्हणजे पिक्सेलमागे साधारण १ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग). एक्स्पोजर ६० सेकंद. मोजमाप अ‍ॅस्ट्रोमेट्रिकात, म्हणजे फोटोतून जागा काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, गाया हा ताऱ्यांच्या जागांचा कॅटलॉग लावून. मंगळ-गुरूमधल्या मुख्य पट्ट्यातले लघुग्रह गणिताने काढलेल्या जागेपासून ०.३-०.४ आर्कसेकंदात बसतात. पण मिनिटाला १० आर्कसेकंद पळणारा, पृथ्वीजवळून जाणारा लघुग्रह दरवेळी ५ आर्कसेकंद पुढे दिसतो, तोही त्याच्याच चालीच्या दिशेत. कोलिमेशन (आरशांची जुळणी) बिघडलं असेल का? लघुग्रहांच्या नोंदी जमवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरला नोंदी पाठवायच्या आहेत.

मृगशीर्ष
कोलिमेशनला हात लावू नका. फरक चालीच्या रेषेतच पडतोय, म्हणजे वेळेचा घोळ. त्या वेगाने ५ आर्कसेकंद म्हणजे ३० सेकंद, तुमच्या एक्स्पोजरच्या बरोब्बर निम्मे! फिट्स हेडरमध्ये (फोटोच्या फाइलीतल्या माहितीत) एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ असणार आणि प्रोग्रॅम ती मधली धरतोय. सेटिंग्जमध्ये सीसीडीच्या (कॅमेऱ्याच्या) टॅबवर हेडरमधली वेळ सुरुवातीची, मधली की शेवटची हे निवडता येतं. तिथे सुरुवातीची करा. पट्ट्यातले लघुग्रह मिनिटाला जेमतेम अर्धा आर्कसेकंद सरकतात, म्हणून तीच चूक तिथे पाव आर्कसेकंदाची होते आणि सीइंगमध्ये (हवेमुळे होणाऱ्या थरथरीत) खपून जाते.

कोकणकडा
त्याआधी २० सेकंदांचं एक्स्पोजर घेऊन बघा. फरक १.७ वर आला तर वरचं निदान पक्कं. ५ च राहिला तर लॅपटॉपचं घड्याळ मागे आहे, एनटीपीने (इंटरनेटवरच्या वेळेशी) जुळवा. भारतीय वेळ आणि यूटीची (जागतिक वेळेची) गल्लत नक्की नाही, साडेपाच तासांत हा गडी जवळजवळ अंशभर सरकला असता. चाचणीला कक्षा पक्की ठरून क्रमांक मिळालेलाच लघुग्रह घ्या. नव्याची कक्षा कच्ची असते, दोष कुणाचा ते कळत नाही.

मृगशीर्ष
तसंही या वेगाला ६० सेकंद जास्तच. १० पिक्सेलची रेघ उमटते आणि तिचा मध्य नीट सापडत नाही. १८९८ मध्ये बर्लिनला खगोलज्ञ गुस्ताव विटला इरॉस हा लघुग्रह सापडला तो दोन तासांच्या फोटोप्लेटवरच्या रेघेमुळेच, पण रेघ शोधायला बरी, मोजायला नाही. २० सेकंदांच्या ३६ फ्रेम घ्या, १२-१२ चे तीन गठ्ठे करून लघुग्रहाच्या वेगाने नि दिशेने सरकवत स्टॅक करा (एकावर एक रचा). तीन नोंदी मिळतील. एकच फ्रेम दोन गठ्ठ्यांत घालू नका, नोंदी स्वतंत्र राहत नाहीत.

दुर्बीण१५०
२० सेकंदांना १.६ आला. टॅबवर सुरुवातीची वेळ केल्यावर ०.४.