देवाची वाट पाहताना प्रार्थना थकते, तेव्हा काय करावे?

प्रश्न : नगर जिल्ह्यातील एक भगिनी

सर्वांना प्रभू येशूच्या नावाने सलाम. आमच्या लग्नाला बरीच वर्षे झाली, तरी आम्हाला मूल नाही. रोज सायंकाळी कौटुंबिक प्रार्थनेत आम्ही हीच विनंती देवबापासमोर ठेवतो आणि डॉक्टरांचे उपचारही चालू आहेत. मंडळीतील काही वडीलधारी माणसे म्हणतात की, पवित्र शास्त्रातील निपुत्रिक हन्नेसारखी प्रार्थना केलीस तर पुत्र मिळेलच. काहींच्या मते उपचार घेणे म्हणजे देवाच्या वेळेवर विश्वास नसणे. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील अकरावे वचन (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असे देव सांगतो ते) तर इतक्या जणांनी मोबाईलवर पाठवले आहे की, ते दिसताच आता मन आक्रसते. धीर धरणे म्हणजे नेमके काय करणे? आणि शब्दच सुचत नाहीत, तेव्हा प्रार्थना कशी करावी?

उत्तर १ : एक निवृत्त पाळक

ताई, सलाम. हन्नेचे उदाहरण देणारे बहुधा थेट शमुवेलाच्या जन्मावर जातात, पण त्या अध्यायाचा मोठा भाग वाट पाहण्याचाच आहे. वर्षानुवर्षे शिलोच्या मंदिरात जाणे, सवत पनिन्नेचे टोमणे, जेवण न जाणे, मंदिरात रडणे, आणि एली याजकाने तिला मद्यपी समजणे, हे सारे तिने सोसले. आपण आपले मन परमेश्वरापुढे ओतत होतो, असे ती एलीला सांगते. त्यानंतर ती परत जाते, जेवते आणि तिचा चेहरा उदास राहत नाही. ध्यानात घ्या, तेव्हा तिला मूल झालेले नव्हते, गर्भही राहिलेला नव्हता. मन मोकळे करण्याची जागा मात्र तिला मिळाली होती. म्हणून रडत केलेली किंवा तक्रारीची प्रार्थना अविश्वासाची मानू नका.

उपचारांविषयी आपल्या मनात अपराधीपणा नसावा. पौल कलस्सैकरांस लिहिताना लूकाला प्रिय वैद्य म्हणतो. आपल्याकडे मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, तेही ख्रिस्ती सेवेचा भाग म्हणूनच. शास्त्रात उतावीळपणाचे उदाहरण पाहायचे असेल, तर साराय आणि हागार यांचे पाहावे : मूल होईना म्हणून सारायने आपली दासी हागार पती अब्रामाला दिली. अब्राम ८६ वर्षांचा असताना हागारेला इश्माएल झाला, आणि सारायला इसहाक झाला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. मधल्या काळात सारायच्या घाईची किंमत हागारेने मोजली. आपल्या घाईचा भार दुसऱ्या कोणावर पडतो का, ही कसोटी मला महत्त्वाची वाटते. डॉक्टरांकडे जाण्याने तसे काही होत नाही.

उत्तर २ : पुण्यातील एक भगिनी, रविवार शाळेची शिक्षिका

पाळकसाहेबांशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट अधिक स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हन्नेला मूल झाले म्हणून प्रत्येकीला होईल, असे वचन पवित्र शास्त्रात कोठेही नाही, आणि तसे सांगणाऱ्यांनी किती मने दुखावली आहेत हे मी जवळून पाहिले आहे. पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सततचा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली; काटा राहिला, कृपा मात्र मिळाली. विश्वास कमी पडतो म्हणून मूल होत नाही, असे कोणी म्हणाल्यास लूकाचा पहिला अध्याय उघडून दाखवा. जखऱ्या आणि अलीशिबा देवाच्या दृष्टीने नीतिमान होते, हे लूक आधी सांगतो, आणि त्यांना मूल नव्हते हे लगेच पुढच्याच वचनात.

यिर्मयाच्या त्या वचनाविषयीही लिहिते. ते यरुशलेमेहून बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात ७० वर्षांचा काळ सांगितला आहे. दोन वर्षांत सारे परत येईल असे हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता, आणि यिर्मयाने त्याला खोटा ठरवले. पत्रात बंदिवानांना घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा असे सांगितले आहे. मला यातच धीराचा अर्थ सापडतो : मूल झाल्यावर जगायला सुरुवात करू, असे म्हणून आजचे आयुष्य अडवून धरू नये. जे शिक्षण, जी सेवा, जो प्रवास आपण पुढे ढकलला असेल, तो आताच हाती घ्यावा, आणि विनंतीही चालू ठेवावी.

उत्तर ३ : वसईचे एक कॅथलिक बंधू

आम्ही पती-पत्नी याच वाटेवर आहोत, म्हणून थोडे लिहितो. शब्द सुचत नसतील तेव्हा स्तोत्रे वाचा. तेराव्या स्तोत्रात ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरी दोन्ही प्रार्थनाच आहेत. आम्ही रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, म्हणतो, कारण त्या ठरलेल्या शब्दांना थकलेले मनही धरून राहू शकते. आपल्या परंपरेत स्तोत्रे तेच काम करतील. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाप्रमाणे, काय मागावे हे कळत नसताना पवित्र आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

आपल्या यजमानांनाही विचारा की त्यांचे मन काय म्हणते. हन्नेचा पती एलकाना याने तिला, मी तुला दहा पुत्रांहून अधिक नाही काय, असे विचारले. प्रेमाने विचारले, पण स्वतःच्या दुःखाविषयी तो एक शब्दही बोलत नाही. आम्ही पुरुष बहुधा असेच करतो. सायंकाळच्या प्रार्थनेत ही विनंती प्रत्येक वेळी आपणच उच्चारत असाल, तर काही दिवस ती यजमानांना करू द्या, आणि ज्या सायंकाळी दोघांनाही जमणार नाही, त्या सायंकाळी मंडळीतील विश्वासू जोडप्याला घरी बोलावून त्यांना आपल्यासाठी प्रार्थना करण्यास सांगा.