माल्टा: लाम्पुकीचा हंगाम
माल्टातल्या मार्सश्लोक या कोळी गावातली मासेमारी संपली, तिथल्या रंगीत होड्या आता फक्त फोटोपुरत्या उरल्यात, असं काही जण म्हणतात. रविवारच्या बाजाराबद्दल मान्य. तिथे मासळीपेक्षा टेबलक्लॉथ नि खेळणीच जास्त. पण मासेमारी संपली म्हणणं अन्यायाचं आहे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात धक्क्यावर नुसती चक्कर मारा. झावळ्यांचे भारेच्या भारे रचलेले दिसतात. त्या तरंगत्या तराफ्यांना बांधायच्या, तराफ्याला लांबलचक दोर, दोराच्या टोकाला तळाशी जाणारा जड दगड. याला कान्नित्साती म्हणतात. लाम्पुकी (आपण हॉटेलात माही-माही म्हणून खातो तोच मासा) सावलीला जमतो, मग भोवती जाळं टाकतात. कुठल्या होडीने कोणत्या रांगेत तराफे सोडायचे हे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरतं, त्यामुळे चांगली जागा कुणा एकाची होत नाही. मला ही पद्धत फार आवडते. तराफ्यांवरची ही मासेमारी १ जानेवारी ते १४ ऑगस्ट बंद असते, तेव्हा मे-जूनमध्ये जाऊन 'मासेमारी कुठे दिसलीच नाही' म्हणण्यात अर्थ नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, आणि पालक, ऑलिव्ह घातलेली लाम्पुकीची 'पाय' (pie, म्हणजे पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ) नक्की खा.