मदत हवी आहे: मुरुमांसाठी ॲक्युप्रेशर कुणी केलंय का?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी १६ वर्षांची, यंदा अकरावीत. वर्षभरापासून गालांवर, हनुवटीवर मुरुमं येतायत, काही पिकलेली आणि दुखरी. त्वचारोगतज्ज्ञांनी रात्री लावायला ॲडापलीन जेल दिलंय. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात म्हणाले, आणि आत्ता कुठे तिसरा चालू आहे. ती मात्र रोज आरशासमोर रडते, कॉलेजला तोंडाला ओढणी गुंडाळून जाते. बघवत नाही.

सासूबाईंच्या ओळखीतल्या एका काकूंनी ॲक्युप्रेशर सुचवलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग, शिवाय कोपर दुमडल्यावर घडीच्या बाहेरच्या टोकाला, दोन-दोन मिनिटं दाबायचं. याला माझी हरकत नाही, तेवढंच तिला शांत वाटतं. पण त्या गालांनाही खोबरेल तेल लावून मसाज करा म्हणतात, त्याची भीती वाटते. पिकलेल्या मुरुमावर दाब पडला की सूज वाढते, डाग राहतात, आणि खोबरेलानं रंध्रं बुजतात ती वेगळीच.

औषध चालू ठेवून फक्त हाताचे बिंदू कुणी दाबून पाहिलेत का? किती दिवस केलंत, खरंच फरक पडला का? आणि सासूबाईंना न दुखावता चेहऱ्याच्या मसाजला नाही कसं म्हणू?