पॉममधला फक्त क्रम बदलला आणि जॉब पडला: ग्वावाचा घोळ

गोदाकाठ:
काल दुपारपासून यातच अडकले आहे. रात्री हडूपवरच्या (मोठा डेटा अनेक मशीनवर साठवणाऱ्या प्रणालीवरच्या) फायली वाचून हिशोब काढणारा आमचा एक जावा जॉब आहे. पॉममध्ये, म्हणजे मेव्हन या बिल्ड साधनाच्या फाइलमध्ये, चाळीसेक डिपेन्डन्सी (बाहेरून घेतलेल्या लायब्ररी) झाल्या होत्या, काही सापडेना, म्हणून मी त्या अक्षरानुक्रमे लावल्या. आवृत्ती एकही बदलली नाही. बिल्ड झालं, टेस्ट पास झाल्या, आणि रात्री जॉब पडला: नोसचमेथडएरर (मेथड सापडत नाही), ग्वावा या जावा लायब्ररीच्या प्रीकंडिशन्स क्लासमधली चेकआर्ग्युमेंट. अहो, ती मेथड ग्वावात कितीतरी वर्षांपासून आहे! जुना क्रम लावला की चालतंय. पण का चालतंय ते कळल्याशिवाय मला हे पुढे पाठवायचं नाही.

बार्शीलाइट:
ताई, थांबलात ते बरं केलंत. मेव्हनमध्ये क्रम बदलला की आवृत्ती बदलू शकते. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्या तर तुमच्या पॉमपासून जी कमी पायऱ्यांवर असेल ती तो घेतो. पायऱ्या सारख्या असतील तर जिची वाट पॉममध्ये आधी लिहिली आहे ती. नवी कुठली, जुनी कुठली, हे तो बघतच नाही. हडूप-कॉमन २ ची ग्वावा ११.०.२ आहे. तुमची दुसरी कुठली तरी जार (लायब्ररीची बांधलेली फाइल) नव्या ग्वावावर बांधलेली असणार आणि ती आधी वर होती.

आता मेथडबद्दल. चेकआर्ग्युमेंट जुनीच आहे, पण संदेशाबरोबर कितीही ऑब्जेक्ट घेणारी, म्हणजे आतून अॅरे घेणारी. २० व्या आवृत्तीत एक ऑब्जेक्ट, दोन ऑब्जेक्ट अशा वेगळ्या मेथड आल्या. सोर्स दोन्हींवर कंपाइल होतो, पण क्लास फाइलमध्ये नेमकी सही (मेथडचं नाव आणि ती काय काय घेते ते) कोरली जाते. एररच्या ओळीत शेवटच्या ऑब्जेक्टआधी, त्या 'एल'च्या अलीकडे, उघडा चौकोनी कंस आहे का बघा. नसेल, तर ती जार २० किंवा त्यानंतरच्या ग्वावावर बांधली आहे.

डिपेन्डन्सी-ट्री (कुठली लायब्ररी कोणामागून आली ते दाखवणारी मेव्हनची आज्ञा) व्हर्बोज लावून चालवा, कुठली आवृत्ती गळली ते दिसेल. मग पॉमच्या डिपेन्डन्सी-मॅनेजमेंट भागात ग्वावाची आवृत्ती एकदाच लिहा. ती आडून, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीमागून, येणाऱ्यांनाही लागू होते. एक्सक्लूजनच्या, म्हणजे एकेका लायब्ररीमागून येणारी ग्वावा वगळत बसण्याच्या, नादी लागू नका. मी एका प्रकल्पात अकरा ठिकाणी लिहिले होते. नवी लायब्ररी आली की बारावं, आणि सहा महिन्यांनी कुठलं कशासाठी ते मलाच आठवेना.

पाऊसपाणी:
मेव्हनऐवजी ग्रेडल हे बिल्ड साधन असतं तर त्याने आपणहून सर्वांत वरची आवृत्ती घेतली असती. त्यानेही कधी कधी फसायला होतं, कारण ग्वावातून जुन्या गोष्टी काढलेल्याही आहेत. हडूप २ च्या सुरुवातीच्या आवृत्त्या ग्वावाच्या स्टॉपवॉच क्लासचा कन्स्ट्रक्टर वापरायच्या, तो पुढे ग्वावाने बंद केला. तेव्हा नवी ग्वावा पक्की करण्याआधी हडूपचा वाचनाचा भाग खऱ्या फायलींवर चालवून बघा. तो अडला तर ती दुसरी जार शेड प्लगइनने बांधा आणि तिच्या आतल्या ग्वावाचं पॅकेज नाव बदला. हडूप ३ वर जाणार असाल तर हडूप-क्लायंट-एपीआय आणि हडूप-क्लायंट-रनटाइम घ्या, त्यांत ग्वावा आधीच अशी नाव बदलून झाकलेली आहे.

गोदाकाठ:
चौकोनी कंस नाही! ट्रीमध्ये ११.०.२ निवडलेली, आणि शेजारच्या टीमच्या रिपोर्टच्या जारची २८ गळलेली. हडूपचा एच आधी, रिपोर्टचा आर नंतर, एवढंच झालं होतं. आमचं हडूप २.७ च्या पुढचं आहे, त्यामुळे स्टॉपवॉच आडवा आला नाही. २८ पक्की केली आणि काल रात्रीच्या सगळ्या फायली पुन्हा चालवल्या, आकडे जुळले.

बार्शीलाइट:
छान. आता एन्फोर्सर प्लगइनचा डिपेन्डन्सी-कन्व्हर्जन्स नियमही (एकाच लायब्ररीच्या वेगळ्या आवृत्त्या आल्या की बिल्ड थांबवणारा) लावा. पुढच्या वेळी बिल्डच अडेल, रात्रीचा जॉब नाही.

गोदाकाठ:
लावला. अशा आणखी सात लायब्ररी सापडल्या, पहिलीच जॅक्सन (जेसन वाचणारी). उद्या सकाळी तिच्यापासून सुरुवात.