मारी ड्रेसलर मोठी, की तिची लेखिका?

जुना_पडदा: काल 'मिन अँड बिल' (१९३०) पाहिला. बंदरावरची खाणावळवाली मिन म्हणजे हॉलिवूडची नटी मारी ड्रेसलर. याच कामाला ऑस्कर मिळालं, तेव्हा बाई ६३ वर्षांच्या. पण माझ्या मते निम्म्याहून जास्त श्रेय पटकथा लिहिणाऱ्या फ्रान्सिस मॅरियनचं. त्याआधी बाईंना कुत्रं विचारत नव्हतं. १९२७ साली मॅरियनने एमजीएम स्टुडिओत काम मिळवून दिलं, मग 'अ‍ॅना ख्रिस्ती', 'मिन अँड बिल', 'एमा', सगळीकडे लेखणी तिचीच. इतक्या मापाने शिवलेला झगा कोणालाही बसेल.

माडीवरची: कोणालाही? 'अ‍ॅना ख्रिस्ती' परत बघा. मूकपटांची तारका ग्रेटा गार्बो, तिचा हा पहिला बोलपट, लोक तिचा आवाज ऐकायला आलेले, आणि गुत्त्यात समोर बसलेली ती दारुडी मार्थी, म्हणजे ड्रेसलर, नजर हलू देत नाही! शिवाय ड्रेसलर काही रस्त्यात सापडली नव्हती. १९१४च्या 'टिलीज पंक्चर्ड रोमान्स' या मूकपटाची टिली तीच, त्यातला चॅप्लिन तेव्हा नवखा होता. १९१९च्या नटांच्या संपात ती कोरसच्या, म्हणजे मागे नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलींच्या बाजूने उभी राहिली, त्यांच्या संघटनेची अध्यक्ष झाली. काम आटलं ते म्हणून; निर्माते असलं विसरतात होय?

जुना_पडदा: संपाचं मान्य. पण तिचा आरडाओरडीचा विनोदही तोवर शिळा झाला होता. मॅरियन १९१७ पासून तिच्यासाठी लिहीत होती. जुनी ओळख कामी आली, एवढंच.

तिकीट_खिडकी: दोघंही 'टगबोट अ‍ॅनी' (१९३३) विसरलात. तो मॅरियनने लिहिलेला नाही, तरी धो धो चालला. १९३२ आणि १९३३, दोन्ही वर्षी थिएटरवाल्यांच्या कौलात गर्दी खेचणाऱ्यांत पहिला नंबर या थोराड, सुरकुतलेल्या बाईचा. तेही मंदीत, लोकांच्या खिशात दमडी नसताना. (आपल्याकडे साठीच्या बाईला नायकाची आई करतात, तीही तीन प्रसंगांपुरती.)

जुना_पडदा: त्यातही बिल झालेला वॉलेस बिअरीच होता, म्हणजे 'मिन अँड बिल'चीच जोडी. साचा मॅरियनचाच.

माडीवरची: बरं, 'डिनर अ‍ॅट एट'चा शेवट घ्या. पुस्तकाशी काडीचा संबंध नसलेल्या नखरेल बाईच्या भूमिकेतली जीन हार्लो सहज सांगते, परवा मी एक पुस्तक वाचत होते. चालता चालता ड्रेसलर अख्ख्या देहानिशी अशी अडखळते की पुढचं वाक्य येण्याआधीच हसू फुटतं. संवाद मॅरियन आणि मंडळींचा, कबूल. ती ठेच कुठल्या कागदावर होती, ते तेवढं दाखवा.