‘मॉइसन’ला मराठीत काय लिहू?

रव्याचालाडू: इंग्रजी पाककृतींची पुस्तिका मराठीत करतेय. ‘मॉइसन द एजेस विथ वॉटर’ हे पानोपानी येतंय. मी ‘कडा ओलसर करा’ लिहिलं, तर आई म्हणाली, असं कोण बोलतं गं? काय लिहू? आणि उच्चार मॉइस्टन की मॉइसन?

जुनाविद्यार्थी: मॉइसन. लिसन, फासन, सॉफनमधला ‘टी’ गिळतात तसा इथलाही. मॉइस्ट म्हणजे ओलसर, त्याला शेपूट लावून क्रियापद केलंय. ‘ओलावणे’ हा शब्द आहे, पण पाककृतीत तो पुस्तकीच वाटेल.

तवापरात: आईचं बरोबर आहे. करंजी असेल तर ‘कडेला पाण्याचं बोट फिरवा’. तव्यावरच्या भाकरीला ‘वरून पाण्याचा हात फिरवा’. कणीक कोरडी वाटली तर ‘पाण्याचा हबका मारा’. इंग्रजीत सगळीकडे एकच क्रियापद चालतं, आपल्याकडे बोट, हात, हबका यांवरूनच पाणी किती ते कळतं. त्यामुळे एकच शब्द सगळीकडे ठोकू नकोस.

चहाबिस्कीट: ‘सादळवा’ कसं वाटतं?

तवापरात: नको रे बाबा! सादळतात ते पापड, तेही पावसाळ्यात आणि आपल्या मनाविरुद्ध.

रव्याचालाडू: 😄 आणि पोह्यांना?

तवापरात: कांदेपोह्यांना सरळ ‘भिजवा’ लिही, चाळणीत धुऊन निथळायचे हे सगळ्यांना माहीत असतं. दडपे पोहे असतील तर ‘नारळाचं पाणी शिंपडा’.

जुनाविद्यार्थी: जाता जाता, मॉइसन आणि डॅम्पन यांत गल्लत नको. इस्त्रीआधी कपड्यावर पाणी मारायचं तर दोन्ही चालतील. पण उत्साहावर विरजण पडतं तिथे डॅम्पनच. उत्साह कोणी मॉइसन करत नाही. सोक म्हणजे पाण्यात ठेवून मुरू देणं, डाळ-तांदळासारखं. ‘हर आइज मॉइसन्ड’ असं कथेत आलं तर ‘तिचे डोळे पाणावले’. तिथे ‘ओलसर झाले’ लिहिलंस तर वाचणारा हसेल.

रव्याचालाडू: शेवटचं एक. ‘मॉइसन द स्पंज विथ सिरप’, केकच्या थरांना.

तवापरात: ‘थरांवर ब्रशने साखरेचं पाणी लावा’. आणि कंसात लिही, बेताने. गुलाबजाम नाहीये तो.